'मुलांचं काय, पटकन शिकतात!'

दिवाळीत मामेबहिणीचा चिंचवडहून फोन आला. तिच्या नवऱ्याला कंपनी तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवते आहे. तिला बरंच काही विचारायचं होतं. कुकर न्यावा का, तुरीची डाळ तिकडे मिळते का, थंडीचे कपडे इथून घ्यावेत की तिथे गेल्यावर. मी सगळं सांगितलं. मग विचारलं, "आणि शाळेचं काय?" तिचा मुलगा सात वर्षांचा आहे. ती म्हणाली, "त्याचं काय ताई, मुलं पटकन शिकतात. तुझी नाही का शिकली?"

माझी शिकली, हे खरं आहे. आता ती सोळा वर्षांची आहे आणि फोनवर बोलताना तिला कोणी परकी समजत नाही. नवऱ्याच्या ऑफिसातले लोक त्याचं कौतुक करतात, 'तुमची मुलगी किती सुंदर जर्मन बोलते!' पण 'पटकन' या एका शब्दाखाली काय काय झाकलं जातं ते मला माहीत आहे. बहिणीला फोनवर ते सांगता आलं नाही. तिच्या आनंदावर विरजण घालायचं धाडस झालं नाही म्हणा ना. म्हणून इथे लिहिते आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी मुळात प्राथमिक शिक्षिका. डी.एड. झाल्यावर २००४ साली मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागले. लग्न ठरलं, नवरा पुण्याचा, बदली काही होईना, तेव्हा ती नोकरी सोडली. पुण्यात एका खासगी शाळेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिथे बरं बस्तान बसलं होतं, तोच २०१७ मध्ये नवऱ्याला स्टुटगार्टजवळ मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी मिळाली आणि तीही सोडली. दोन्ही वेळा 'आम्ही दोघांनी मिळून ठरवलं' असंच मी सगळ्यांना सांगितलं. मिळून ठरवलं हे खोटं नाही. राजीनामे मात्र दोन्ही माझेच होते.

लेक तेव्हा आठ वर्षांची होती. जर्मनीत सहाव्या वर्षापासून शाळा सक्तीची आहे, मुलाला घरी ठेवून शिकवायची परवानगी नाही. इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळांची फी आमच्या आवाक्याबाहेरची. त्यामुळे सामान अजून खोक्यांत होतं आणि ती सप्टेंबरात गावातल्या सरकारी प्राथमिक शाळेत जाऊन बसली. पुण्यात तिसरीत होती, इथे एक वर्ष खाली, दुसरीत बसवलं. रोज दोन तास पूर्वतयारीच्या वर्गात जायचं. बाडन-व्युर्टेम्बर्ग राज्यात परभाषिक मुलांसाठी असे वर्ग असतात. २०१५ साली सीरियातून लाखो माणसं आसऱ्याला आली होती, त्यामुळे तो वर्ग भरलेला होता. सीरियाची, इराकची, रुमानियाची मुलं आणि ही एक पुण्याची. तिथल्या बाई जीव लावून शिकवायच्या. चित्रं दाखवायच्या, हातवारे करायच्या, गाणी म्हणायच्या. पण उरलेला सगळा वेळ ती तिच्या दुसरीच्या वर्गात असायची आणि तिथे तिला एक अक्षर कळत नव्हतं.

सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ती वर्गात एक शब्दही बोलली नाही.

नव्या भाषेत टाकलेली पुष्कळ मुलं काही आठवडे, काही महिने नुसती ऐकत राहतात. हा एक माहीत असलेला टप्पा आहे, त्यात घाबरण्यासारखं बहुधा काही नसतं. हे मी आज लिहू शकते. तेव्हा मला ते कोणी सांगितलं नाही आणि सांगितलं असेल तर जर्मनमध्ये सांगितलं असेल. मला वाटायचं, आपण हिला मुकी केलं. बारा वाजता घरी आली की मात्र ती धबधब्यासारखी बोलायची. चार तास दाबून ठेवलेलं सगळं माझ्यावर ओतायची. मी स्वयंपाक करतेय की न्हाणीघरात आहे, काही बघायची नाही. रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं. आणि आठ वर्षांची मुलगी रात्री अंथरूण ओलं करायला लागली.

या चादरींबद्दल मी सविस्तर सांगणार आहे, कारण मुलं परदेशात कशी रुळतात यावरच्या लेखांमध्ये त्यांचा उल्लेख कधी सापडत नाही. कपडे धुण्याचं मशीन तळघरात, सगळ्या बिऱ्हाडांत मिळून. आमचे वार ठरलेले. रविवारी मशीन लावायचं नाही हा घरमालकाचा नियम. नोव्हेंबरात चादर वाळायला दोन दिवस लागायचे, म्हणून चार चादरी विकत आणल्या. रात्री दोनला उठून मी चादर बदलायची, तिला कोरडे कपडे घालायचे आणि 'काही नाही गं, पाणी सांडलं' असं म्हणायचं. ती झोपेतच मान डोलवायची. नवऱ्याला पहाटे लवकर निघायचं असे, म्हणून त्याला उठवायचं नाही. हे त्याने सांगितलं नव्हतं बरं का, मीच ठरवलं होतं. आपण किती गोष्टी अशा न सांगता ठरवून टाकतो!

डब्याची गोष्ट सगळ्याजणींना माहीत असते, ती लांबवत नाही. पोळी-भाजी दोन आठवड्यांत बंद झाली, ब्रेड-चीज सुरू झालं.

चिठ्ठ्यांची गोष्ट मात्र सांगायला हवी. इथल्या शाळेत सतत चिठ्ठ्या येतात. घरात घालायच्या सपाता पाठवा, सोमवारी पोहण्याचे कपडे पाठवा, उद्या शेवटचा तास नाही. छापलेली चिठ्ठी असली तर मी फोनने तिचा फोटो काढून भाषांतर करून घ्यायचे. पण वर्गशिक्षिका घाईत हाताने लिहायच्या आणि ते वळणदार अक्षर फोनला वाचता यायचं नाही. ऑक्टोबरात अशी एक चिठ्ठी मी 'नवरा आला की त्याच्या ऑफिसातल्या कोणाला तरी विचारू' म्हणून फ्रीजवर लावली आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी वर्गाची जंगलात सहल होती. सगळी मुलं चिखलातले बूट, पाठीवर छोटी पिशवी अशी आली. माझी लेक रोजचे कापडी बूट घालून, पाठीवर पुस्तकांनी भरलेलं दप्तर घेऊन गेली आणि ते ओझं घेऊन दिवसभर चालली. संध्याकाळी तिने विचारलं, "आई, तुला वाचता येत नाही का?"

तिला मला दुखवायचं नव्हतं, तिला फक्त माहिती हवी होती. मी आयुष्यात किती मुलांना पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं असेल, त्याचा हिशेब नाही. आणि खरं उत्तर 'नाही' असं होतं.

मैत्रिणींनो, माझा मुद्दा इथे सुरू होतो. मुलासाठी निदान एक वर्ग होता, एक बाई होत्या, वेळापत्रक होतं. त्याच घरात भाषेवाचून बसलेल्या दुसऱ्या माणसाचं काय? आणि मुलाच्या शाळेचं सगळं त्याच माणसाच्या भरवशावर चाललेलं असतं. वैज्ञानिक, इंजिनियर अशा कुशल नोकरदारांना इथे 'ब्ल्यू कार्ड' मिळतं. त्यांच्या बायकोला व्हिसासाठी जर्मन यायची अट नसते आणि आल्यावर काम करायचीही मुभा असते. ही सवलत म्हणूनच सांगितली जाते, आणि ती आहेही. पण भाषा न येणाऱ्या प्राथमिक शिक्षिकेला काम करायची मुभा असून काय उपयोग? नवऱ्याच्या कारखान्यात कारभार इंग्रजीत. त्याला आठ वर्षांत पाव विकत घेण्यापुरती जर्मन आली, त्यापुढे गरजच पडली नाही. घरात जर्मनची खरी गरज कोणाला होती? जी शाळेची चिठ्ठी वाचते, डॉक्टरची वेळ घेते, पालकसभेत त्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसते, तिला. आणि शिकायची सोय सगळ्यात कमी तिचीच.

सरकारी भाषावर्ग आहेत. २००५ पासून इथे 'एकीकरणाचा अभ्यासक्रम' आहे, ६०० तास भाषा आणि १०० तास इथल्या समाजाची, कायद्याची ओळख. मी नाव घातलं. वर्ग साडेआठ ते साडेबारा. लेकीची शाळा बारा वाजून पाच मिनिटांनी सुटायची. दुपारच्या सांभाळाच्या वर्गात जागा नव्हती, प्रतीक्षायादी होती. मी रोज साडेअकराला वर्गातून उठायचे, सगळ्यांसमोर पुस्तक पिशवीत घालून. दीड महिन्याने सोडून दिलं. पंचवीस मिनिटांची बस आणि पंचवीस मिनिटांचा फरक, एवढ्यावर माझी दोन वर्षं गेली. इथल्या प्राथमिक शाळा वर्षानुवर्षं दुपारीच सुटत आल्या, कारण घरी आई आहेच असं गृहीत. ते फक्त आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांच्या मुळावर येतं असं नाही, जर्मन बायकाही त्यापायी अर्धवेळ नोकऱ्या करत राहिल्या. २०२१ मध्ये कायदा झाला, त्यानुसार २०२६-२७ च्या शालेय वर्षापासून पहिलीच्या मुलांना दिवसभराच्या सांभाळाचा हक्क आणि पुढे एकेक इयत्ता वाढत जाणार. चांगलं आहे. मला मिळाली ती प्रतीक्षायादी.

त्या हिवाळ्यात शाळेतून सल्ला आला, 'घरी तिच्याशी जर्मन बोला.' सल्ला देणाऱ्या बाई वाईट नव्हत्या. हा सल्ला इथल्या हवेतच आहे. २०१४ मध्ये बायर्न राज्यातल्या सत्ताधारी पक्षाने परदेशातून आलेल्यांनी घरातसुद्धा जर्मन बोलावं अशा अर्थाचा मसुदा आणला होता. देशभर इतकी टिंगल झाली की त्यांना शब्द बदलावे लागले. पण मी काही टिंगल केली नाही, मी ते करून पाहिलं. तीन आठवडे. माझ्याकडे दोनशे शब्द होते. 'जेव', 'झोप', 'हात धू', 'गृहपाठ'. दोनशे शब्दांत हुकूम देता येतात, गप्पा मारता येत नाहीत. दुपारचा तो धबधबा बंद झाला. शाळेत गप्प असणारी पोर घरातही गप्प झाली. चौथ्या आठवड्यात मी तिला मांडीवर घेऊन मराठीत म्हटलं, "चल, सांग आज काय झालं", आणि तो मूर्खपणा संपवला.

माझी मराठी तिच्या आड येतच नव्हती, उलट कामाला येत होती, हे मला गणितात कळलं. जर्मन लोक एकवीसला 'एक-आणि-वीस' म्हणतात, त्रेचाळीसला 'तीन-आणि-चाळीस'. एकक आधी, दशक नंतर. वर्गातली काही परदेशी मुलं यावर अडखळायची, ४३ ऐकून ३४ लिहायची. माझ्या लेकीला तिच्या आजीने मराठीतून पाढे घोकून घेतले होते, तिला त्यात नवल वाटेना. (आपल्याकडे २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' आल्यावर केवढं वादळ उठलं होतं, ते आठवून मला हसू आलं.) तसंच लिंगाचं. इंग्रजीत वस्तूंना लिंग नाही. मराठीत तो, ती, ते आहे आणि जर्मनमध्येही तीन लिंगं आहेत. टेबल तिकडे 'तो' आहे आणि आपल्याकडे 'ते', एवढाच घोळ. जगातल्या वस्तूंना लिंग असतं हे तिला शिकवावं लागलं नाही, आईच्या भाषेनं ते आधीच शिकवलेलं होतं.

आणि एक कबुली. तिच्या आयुष्यातली पहिली अनोळखी भाषेतली शाळा जर्मनीतली नव्हती, पुण्यातली होती. तिसऱ्या वर्षी आम्ही तिला इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात घातलं, सगळे घालतात म्हणून. तिथे शू लागली तर इंग्रजीत परवानगी मागायची होती. ते वाक्य पाठ होईपर्यंत ती रोज ओली होऊन घरी यायची आणि मीही इतर आयांसारखं 'होईल सवय' म्हणाले. तेव्हा मी स्वतः शिक्षिका होते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक तुर्की आजी राहायच्या. १९६१ मध्ये जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार मागवले, १९७३ मध्ये भरती थांबवली. त्यांचे यजमान त्याच काळात आले, त्या मागाहून मुलांना घेऊन आल्या. ही माणसं परत जाणारच असं दोन्हीकडे गृहीत धरलेलं होतं, म्हणून त्यांच्या मुलांच्या भाषेची चिंता कोणी केली नाही. त्यांच्या थोरल्या मुलाला मंदबुद्धी मुलांच्या शाळेत टाकलं होतं. 'मंद नव्हता, तुर्की होता', एवढंच त्या म्हणायच्या. अशी मुलं पुष्कळ होती. २००१ च्या डिसेंबरात 'पिझा' या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल लागले. आईबापांच्या परिस्थितीवर मुलाचं शाळेतलं यश इतकं अवलंबून असणारे देश थोडेच आहेत, हे उघड झालं आणि सगळ्या देशाला धक्का बसला. त्यानंतर लहान मुलांना भाषा शिकवण्याकडे जास्त लक्ष गेलं. माझ्या लेकीला जे दोन तास मिळाले ते असे, आधीच्या मुलांनी सोसल्यानंतर मिळाले. आजींना मात्र पन्नास वर्षांत कोणी वर्गात बसवलं नाही. दवाखान्यात त्यांच्याबरोबर नेहमी एखादी नात असायची.

नात असायची, हे मी तेव्हा कौतुकाने बघायचे. मग माझी पाळी आली. फेब्रुवारीत लेक वर्गात पहिलं वाक्य बोलली. एका मुलाने तिची खुर्ची घेतली होती, त्याला ती म्हणाली, 'ही माझी जागा आहे.' तिथून गाडी सुटली ती थांबलीच नाही. वर्षभरात ती आमच्या घराची दुभाषी झाली. विजेचं बिल, घरमालक, दुकानातली बदलून घ्यायची वस्तू. पालकसभेत बाई चार मिनिटं बोलल्या आणि हिने मला सांगितलं, "बाई म्हणतायत, सगळं छान चाललंय." नऊ वर्षांच्या मुलीची चलाखी म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. घरातला अधिकार हळूहळू कुठून कुठे सरकतोय हे तेव्हा लक्षात आलं नाही.

ते लक्षात आलं स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. ती दहा वर्षांची होती. मला खूप दिवस अंगावरून जात होतं. नवऱ्याला रजा नव्हती, आणि खरं तर त्याच्यापेक्षा ती बरी असं मलाच वाटलं. डॉक्टर विचारतायत, ती माझ्याकडे वळून मराठीत विचारते आहे आणि मी म्हणते, "सांग, अंगावरून जातंय." तिने शब्दशः भाषांतर केलं असावं, कारण डॉक्टर गोंधळल्या. लेक मला म्हणाली, "आई, अंगावरून काय जातं?" तिला अजून पाळी आली नव्हती. तिला पाळी काय असते ते शांतपणे, आपल्या घरात, आपल्या भाषेत सांगायचं मी मनात ठरवून ठेवलं होतं. ते मला त्या खोलीत, दोन मिनिटांत, तिला दुभाषी म्हणून उभं करून सांगावं लागलं. ती लालबुंद झाली, तरी तिने सगळं नीट विचारलं, नीट सांगितलं. बसमध्ये एक शब्द बोलली नाही. मी त्या आठवड्यात संध्याकाळच्या भाषावर्गात नाव घातलं आणि नवऱ्याला सांगितलं, मंगळवार आणि गुरुवार तू सहाला घरी. त्याने कुरकुर केली, पण आला. आधीही आला असता कदाचित. मी मागितलंच नव्हतं.

चौथीत अजून एक गोष्ट घडली. इथे बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच. त्यानंतर, म्हणजे मूल दहा वर्षांचं असताना, त्याने कुठल्या प्रकारच्या शाळेत जावं याची शिफारस शिक्षक करतात. विद्यापीठाकडे सरळ नेणारं गिम्नाझियम, त्याखाली रेआलशूल, त्याहीखाली आणखी एक. २०२० च्या सुरुवातीला लेकीला शिफारस मिळाली रेआलशूलची. गणितात तिला १ गुण होता, जर्मनमध्ये ४. (इथे १ सगळ्यात चांगला, ६ सगळ्यात वाईट. पहिल्या वर्षी शुद्धलेखनात ५ बघून मी पेढे म्हणून शिरा केला होता.) कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून एक साधी गोष्ट मांडली आहे. खेळाच्या मैदानावर लागणारी भाषा मुलांना साधारण दोन वर्षांत येते. पुस्तकातली, विचार करायची, कारणं द्यायची भाषा सोबतच्या मुलांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणजे 'पटकन शिकतात' हे मैदानापुरतं खरं आहे. माझी लेक येऊन अडीच वर्षं झाली होती. त्या चारच्या आकड्याने तिची अक्कल मोजली नाही, ती विमानातून कधी उतरली ते मोजलं.

हे मला आज कळतं. त्या संध्याकाळी घरात वेगळंच झालं. नवरा खूप वेळ तो कागद हातात धरून बसला आणि म्हणाला, "तू तर शिक्षिका आहेस." एवढंच. त्याच्या आईनेही फोनवर तेच विचारलं, जरा गोड शब्दांत. मुलगी सुंदर जर्मन बोलते तेव्हा अभिनंदन त्याचं, आणि जर्मनमध्ये ४ मिळाले तर चूक माझी. मी उत्तर दिलं नाही. शिफारस तेव्हा बंधनकारक नव्हती, आम्हाला गिम्नाझियम मागता आलं असतं (नियम आता पुन्हा कडक झाले आहेत). आम्ही लेकीला विचारलं. तिला तिची मैत्रीण जात होती त्या शाळेत जायचं होतं. ती रेआलशूलमध्ये गेली, आता दहावीला आहे, पुढे तांत्रिक शाखेच्या गिम्नाझियममध्ये जायचं म्हणते. त्या मार्च महिन्यातच कोविडमुळे शाळा बंद झाल्या आणि शाळा माझ्या जेवणाच्या टेबलावर आली, ती कथा पुन्हा कधीतरी.

या सगळ्या काळात मला एक मुलगी आठवत राहिली. मेळघाटातल्या माझ्या पहिलीच्या वर्गातली, मागे भिंतीला टेकून बसणारी. घरची भाषा कोरकू. मराठीशी तिचं काही नातं नाही, ती मुंडा कुळातली भाषा. मी मराठीतून शिकवायचे. 'कमळ' म्हणायचे, ती बघत राहायची. वर्षभर बोलली नाही. तिच्या प्रगतिपुस्तकावर मी लिहिलं, 'मंद. लक्ष देत नाही.' माझ्या अक्षरात, माझ्या सहीने. राज्यघटनेच्या कलम ३५०अ मध्ये अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगितलं आहे. ते मी डी.एड.ला पाठ केलेलं होतं, आणि तरीही मी तीन वर्षांत कोरकूचे वीस शब्द शिकले नाही. तिची आई अधूनमधून फाटकापर्यंत यायची आणि तिथेच थांबायची. मला वाटायचं, या लोकांना शिक्षणाची आस्थाच नाही. २०१७ च्या त्या हिवाळ्यात मी लेकीच्या शाळेच्या फाटकाशी अशीच थांबायचे. बाकीच्या आया आत जाऊन बाईंशी बोलायच्या आणि मी पावसात छत्री धरून बाहेर, कोणी काही विचारलं तर काय सांगायचं या धास्तीने. आतून बघणाऱ्या बाईंना माझ्याबद्दल काय वाटत असेल ते मला नेमकं माहीत होतं, कारण ते मी स्वतः वाटून घेतलेलं होतं.

१९७० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका चिनी मुलाच्या नावाने खटला झाला. शाळेत शिकवतात ते त्याला कळतच नव्हतं. मूल अज्ञान, म्हणून त्याच्या वतीने उभी राहिली त्याची आई, काम वाय लाउ. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये निकाल दिला की सगळ्यांना सारखीच पुस्तकं, सारखेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही, ज्याला भाषाच कळत नाही त्याला शिक्षण मिळतच नाही. तो निकाल मुलाच्या आडनावाने ओळखला जातो. आईचं नाव कागदपत्रांत शोधावं लागतं.

मामेबहिणीला मी शेवटी एक लांब पत्र लिहिलं. त्यात कुकरचं काही नाही. कंपनी घर शोधून देते, सामानाचा खर्च देते, तर तुझ्या भाषावर्गाचा आणि त्या वेळेत मुलाला सांभाळण्याचा खर्चही करारात लिहून मागा, सही करण्याआधी. घरी मराठीच बोल, भरपूर बोल, पुस्तकं ने. तो सहा महिने बोलला नाही तर घाबरू नकोस आणि चादरी चार ने. आणि रात्री दोनला नवऱ्याला उठव. याचं तिला हसू येईल, पण मी गंभीरपणे लिहिलं आहे.

मी सध्या दर गुरुवारी लेकीच्या जुन्या प्राथमिक शाळेत जाते. नांदेडकडचं एक कुटुंब नवीन आलं आहे, मुलगा सात वर्षांचा, आई माझ्यासारखीच फाटकाबाहेर थांबणारी. मी तिच्याशी मराठीत बोलते, बाईंशी जर्मनमध्ये. शाळेला हे फार आवडलं आहे, आता तेलुगू, हिंदी घरांसाठीही मलाच बोलावतात. आभाराचं कार्ड दिलं, नाताळात केक दिला. आमच्या मंडळाची रविवारची मराठी शाळाही अशाच केकवर चालते, शिकवणाऱ्या सगळ्या बायका आणि गणपतीत मंचावर सत्कार अध्यक्षांचा. मी गेल्या महिन्यात शाळेला पत्र दिलं की मी शिक्षिका आहे, हे दुभाषाचं काम आहे, आणि त्याचे तासाप्रमाणे पैसे हवेत. पत्र माझं मीच लिहिलं, जर्मनमध्ये. लेकीने दोन चुका दाखवल्या, त्या दुरुस्त केल्या. उत्तर अजून आलेलं नाही.